आखाजीपर्यंत तीस मांजरी

घागर वाजवून घ्यायची असते. बोटाच्या पेराने टकटक केली की चांगली भाजलेली घागर खणखणीत बोलते, कच्ची नुसती ठप्प करते. आखाजीच्या आधीच्या आठवड्यात जळगावच्या रस्त्यांच्या कडेने कुंभारणी बसतात. जो काय बाजार व्हायचा तो सकाळी नऊच्या आत होतो, कारण त्यानंतर ऊन माणसाला रस्त्यावर उभं राहू देत नाही. तांबड्या घागरी, त्यांच्यावर ठेवायची इवली मडकी, शेजारच्या गाडीवर डांगरांचा ढीग. खरबुजाला आमच्याकडे डांगर म्हणतात. घागरीत पाणी, वर मडकं, त्यावर डांगर, दोन सांजोऱ्या, एखादा आंबा. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, घरातल्या गेलेल्या माणसांची तहान अशी भागवायची. आणि त्याच दिवशी माहेरी आलेल्या लेकींनी निंबाला झोका बांधून गाणी म्हणायची. गेलेले आणि आलेले, दोघांचा सण एकच.

माझ्या यजमानांसाठी भरलेली यंदाची ही तिसरी घागर.

हे जळगावातल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे आणि घरी मांजर काढायचे. मांजरी नव्हे, मांजर. एकच. शाळेच्या खेळाच्या खोलीत गाद्यांच्या चवडीवर एक गलेलठ्ठ मांजर झोपलेली असायची, पोरं तिला ठमी म्हणत. यांनी सहज म्हणून तिची चित्रं काढली आणि कुठल्याशा स्पर्धेला पाठवली, तर मुंबईच्या एका कंपनीने ती मांजरच मागून घेतली. या धंद्याची रीत अशी, की चित्र कंपनीच्या हक्काचं होतं आणि कंपनी ते वस्तू बनवणाऱ्यांना वापरायला देते. मग तीच मांजर कुणाच्या डब्यावर बसते, कुणाच्या पाण्याच्या बाटलीवर, कंपासपेटीवर, दप्तरावर, रुमालावर. दर वर्षी तिच्या नव्या तीस तऱ्हा काढून द्यायच्या: छत्री घेतलेली, पतंग उडवणारी, दुधाच्या वाटीत तोंड घातलेली. कंपनीने तिला काहीतरी दोन अक्षरी इंग्रजी नाव ठेवलं होतं. आमच्या घरात ती ठमीच राहिली.

रेघ यांची, रंग माझे. लग्नाआधी सावद्याला मी केळीच्या पेट्यांवरची लेबलं रंगवायचे, तेवढंच माझं शिक्षण. पुढे यांनी मला कॉम्प्युटरवर रंग भरायला शिकवलं. हे मात्र शेवटपर्यंत कागदावर, टाकाने आणि काळ्या शाईने काढत. एका दमात रेघ जायची, कानापासून निघून पाठीवरून शेपटीच्या टोकापर्यंत. मी पाहत असले तर टाक उचलून म्हणायचे, "श्वास सोडू नकोस मध्येच. रेघेला कळतं."

आमच्याकडच्या उन्हाळ्याला त्या कामाचा वास आहे. कूलरच्या ओल्या गवताचा, शाईचा, आणि गच्चीवरून खाली येणाऱ्या वाळत्या बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा. दुपारी नळाला कढत पाणी यायचं. शाई टाकाच्या टोकावर वाळून जायची म्हणून हे दौत ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवत. बाहेर चिटपाखरू नाही, खिडकीला भिजवलेली चादर, आणि टेबलावर एक मांजर हळूहळू कागदातून वर येतेय. घरात आम्ही दोघंच. त्या दुपारी मला कधी लांब वाटल्या नाहीत.

मार्चमध्ये दहावीची परीक्षा चालू होती. हे वर्गावर पर्यवेक्षक होते. पुरवण्यांचा गठ्ठा वाटता वाटता उजव्या हातातून निसटला. उचलायला वाकले ते उठलेच नाहीत. पोरांनी पेपर सोडून धाव घेतली, तर जमिनीवरूनच म्हणाले म्हणे, "लिहा, लिहा, वेळ जातोय." ते शब्दही नीट फुटले नव्हते, पोरांनी अंदाजाने ओळखले.

अर्धांगाचा झटका होता. बारा दिवस दवाखान्यात गेले. वाचा हळूहळू परत आली. चालणंही आलं, धरून धरून. उजवा हात मात्र मांडीवर पडून राहायचा. हे तो डाव्या हाताने उचलून दुसरीकडे ठेवायचे, शेजाऱ्यांचं झोपलेलं मूल उचलून ठेवावं तसे, जपून आणि परकेपणाने.

घरी आलो त्याच आठवड्यात कंपनीतून श्रुती मॅडमचा फोन आला. आमचं काम वर्षानुवर्षं त्याच बघायच्या. "सर, या वेळच्या तीस पोझ महिनाअखेर मिळतील ना?" फोन मी घेतला होता. यांनी पलंगावरून मान हलवली, सांग म्हणून. मी म्हटलं, मिळतील.

फोन ठेवल्यावर म्हणाले, "त्यांना काही कळवू नकोस. करारात लिहिलंय, चित्रकाराला जमलं नाही तर ते दुसऱ्याकडून काढून घेतील. आखाजी महिनाअखेरीलाच आहे. तोपर्यंत हात येईल."

"आणि नाही आला तर?"

"तर डावा आहे."

पन्नाशी उलटलेल्या चित्रकलेच्या मास्तराने पहिलीतल्या पोरासारखी वही उघडली. डाव्या हातात पेन्सिल, जीभ किंचित बाहेर, आणि पानभर गोल. गोल नव्हतेच ते, बटाटे होते. व्यायाम करून घ्यायला एक डॉक्टरीणबाई यायच्या, त्या खूश झाल्या. मला दारापाशी म्हणाल्या, "हेच चालू राहू द्या. औषधापेक्षा हे मोठं आहे." आठ दिवसांनी यांनी पहिली ठमी काढली. ती धरून बराच वेळ पाहिली आणि हसले. "मांजर नाही ही. भरताचं वांगं आहे. नुसतं भाजायचं बाकी." मीही हसले. त्या उन्हाळ्यातलं आमचं एकत्र हसणं तेवढंच आठवतं.

दिवस मात्र थांबत नव्हते. वांग्याची मांजर होईना. यांनी विचारलं, "मुदत वाढवून मागतेस का? कारण सांगू नकोस." मी हो म्हटलं. फोन केला नाही. फोन केला तर कारण विचारतील, कारण कळलं तर ठमी जाईल, अशी भीती. मग एके दिवशी खोटंच सांगितलं, मिळाली मुदत म्हणून. यांचा चेहरा असा सैल झाला, की मला माझ्या खोट्याचा क्षणभर अभिमानच वाटला.

आखाजीला आठ दिवस राहिले आणि धुळ्याहून अक्का आल्या. अक्का म्हणजे यांच्या थोरल्या बहीण. साठी ओलांडली तरी आखाजीला भावाकडे यायचं त्यांनी कधी चुकवलं नाही. आल्या आल्या भावाच्या उजव्या हाताला तेल लावत बसल्या. मग स्वयंपाकघरात येऊन मला विचारलं, "ती मांजरीसनं काय व्हयनं?"

मी सगळं सांगितलं. खोटं बोलल्याचंही.

"रोज रंग कोन भरस?"

"मी."

"मंग रेघ बी तूच वढ."

"अक्का, ती त्यांची आहे. माझ्या हातात नाही ती."

"मांजर शे ती, वाघ नही," अक्का म्हणाल्या आणि पीठ मळायला लागल्या.

दुपारी हे जेवून झोपत. कूलरचा आवाज मोठा, बाहेर काय चाललंय ते आत कळत नसे. मी स्वयंपाकघरात पाटावर कागद ठेवून बसले. अक्का उंबऱ्यात, पाय लांब करून, अर्ध्या राखणीला, अर्ध्या डुलकीला. पहिल्या दहा-बारा मांजरी मी फाडून टाकल्या. त्यांच्या रेघेची नक्कल करायला जायचे आणि मध्येच श्वास सुटायचा. तिसऱ्या दिवशी नक्कल सोडली. तुकड्या-तुकड्याने, थांबत-थांबत काढू लागले, जशी मला दिसत होती तशी. घामाने कागदाला मनगट चिकटायचं म्हणून खाली रुमाल. एकाच दुपारी बारा झाल्या. हात हलका झाला होता. खरं सांगते, मला आनंद होत होता. भिंतीपलीकडे माझा माणूस पडलाय आणि मी इथे चोरून त्याचं काम करतेय, आणि मला आनंद होतोय, हे मला कळत होतं.

तीस पूर्ण झाल्या, रंगवल्या, पाठवल्या. यांच्याच नावाने.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी मी गच्चीवर बिबडे पालथे करत होते. खाली यांचा फोन वाजला. हातात धरून ठेवता येत नसे म्हणून हे फोन पलंगावर ठेवून स्पीकरवर बोलायचे. जिना उतरता उतरता मला श्रुती मॅडमचा आवाज ऐकू आला.

"सर, इतकी वर्षं तुमच्यासोबत काम करतेय, पण यंदा कमाल केलीत. इतके दिवस आपली मांजर गोड होती. यंदा ती जिवंत झालीय. ते डोळे! ती कुणाची तरी वाट बघतेय असं वाटतं. ऑफिसात सगळे तेच म्हणतायत."

मी शेवटच्या पायरीवर थांबले. हातात बिबड्यांची टोपली. अक्काही मोरीच्या दारात थबकल्या होत्या. आता हे म्हणणार, कुठले डोळे? कुठल्या मांजरी?

"हो," हे म्हणाले. शब्द सावकाश, एकेक उचलून ठेवल्यासारखे. "डोळ्यांवर जरा काम केलं यंदा."

"तब्येत बरी आहे ना सर? आवाज थकल्यासारखा वाटतोय."

"ऊन आहे इकडे. दुसरं काही नाही."

फोन बंद झाला. मी आत गेले. यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "आण बघू."

मी तीसही कागद आणले. यांनी ते पलंगावर, मांडीवर, उशीवर मांडायला लावले. मग एकेक पाहिला, विद्यार्थ्यांचे कागद तपासावेत तसा. मी भिंतीशी उभी. लाज, भीती, आणि जिने मेल्याहून मेल्यासारखं वाटावं अशी एक आशा, की हे म्हणतील, चांगलं जमलंय. एका चित्रावर बोट ठेवून म्हणाले, "इथे शेपटीला घाई झाली." मी हो म्हटलं. मग खिडकीत बसलेली ठमी होती, मागे वळून पाहणारी. तिच्यावर ते थांबले.

"मी असा बघतो का गं तुझ्याकडे?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्या महिन्यात मी खोलीतून बाहेर निघाले की पलंगावरून दोन डोळे माझ्या मागे यायचे. एक पापणी जरा उशिरा उघडायची. परत येशील ना, लवकर येशील ना, असं काहीतरी त्यांत असायचं, जे या माणसाने तोंडाने जन्मात विचारलं नसतं. मी पाटावर बसून तीस वेळा तेच काढलं होतं. मला ठाऊकही नव्हतं.

मला नाही म्हणता आलं नाही.

हे रागावले नाहीत. रागावले असते तर मी आज हे लिहीत बसले नसते. कागद डाव्या हाताने गोळा केले, कडा जुळवल्या, माझ्या हातात दिले. "जपून ठेव," म्हणाले. "चांगल्या आहेत."

दुसऱ्या दिवशी आखाजी झाली. यांनी वडिलांच्या घागरीला नमस्कार केला, आमरस खाल्ला, अक्कांशी लहानपणीच्या गोष्टी केल्या. समोरच्या निंबाला पोरींनी झोका बांधला होता, त्यांची गाणी ऐकत संध्याकाळी ओट्यावर बसले. कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, माणूस सावरतोय. पण गोलांची वही त्यांनी पुन्हा उघडली नाही. मी एकदा ती टेबलावर पेन्सिलीसकट ठेवली, तर पाण्याचा तांब्या ठेवायला जागा हवी म्हणून त्यांनी ती बाजूला सारली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय सर, चित्रं बंद?" तर हसून म्हणाले, "शाळेला सुटी लागली ना."

शाळा उघडल्या, पोळा झाला, गणपती गेले. मला वाटायचं, एक दिवस मी म्हणेन की मला जमत नाही, पुढच्या वर्षीच्या तुम्हीच काढा, आणि हे पुन्हा वांगी काढायला लागतील. कसं म्हणायचं ते मनात जुळवत राहिले. दसऱ्यानंतर एका सकाळी चहाची बशी ओठाला लावताना दुसरा झटका आला. या वेळी दवाखान्यापर्यंतही पोचलो नाही.

पुढच्या जूनमध्ये मी अक्कांकडे धुळ्याला गेले होते. बसस्टँडवर एक मुलगी आईचं बोट धरून माझ्या पुढे चालली होती. पाठीवर नवं दप्तर. त्या दप्तरावरून, गर्दीत हिंदकळत, हे माझ्याकडे बघत होते. खिडकीत बसून, मागे वळून. मुलगी बसमध्ये चढली. मी बाकड्यावर बसले, आणि माझी बस लागून निघूनही गेली. नंतर ते सगळीकडेच दिसायला लागले. रसवंतीवर कुणाच्या बाटलीवर, शेजारच्या गॅलरीत वाळत घातलेल्या रुमालावर. लोक म्हणायचे, किती गोड मांजर आहे.

श्रुती मॅडमना मी सगळं खरं सांगितलं होतं. त्या फोनवर रडल्या. मग थोड्या वेळाने, वाईट वाटून घेऊ नका म्हणत, त्यांनी विचारलं, पुढचं तुम्हीच काढाल ना? फक्त डोळे तसेच ठेवा. दोन वर्षं मी तसेच डोळे ठेवले. पहिल्या वर्षी आठवून, दुसऱ्या वर्षी आधीच्या चित्रांवरून उतरवून. दुसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं, की त्यांचे खरे डोळे आता मला आठवत नाहीत. मला ठमीचे आठवतात. ज्या दिवशी हे कळलं, त्या दिवशी टाक धुऊन ठेवला. या हिवाळ्यात कंपनीला कळवलं, की माझ्याकडून आता होणार नाही. मांजर दुसऱ्या कुणाकडे द्या. जी गोष्ट टळावी म्हणून मी चोरून काढत बसले होते, ती मी आपल्या हातांनी केली.

यंदाही अक्का आल्या. गुडघे धरलेत, तरी आल्या. सकाळी घागर भरली, मडकं ठेवलं, डांगर ठेवलं. अक्कांनी सांजोऱ्या मांडल्या. पाणी सोडून झाल्यावर आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो, आणि तीन वर्षांत जे कुणाशी बोलले नव्हते ते माझ्या तोंडून निघालं. म्हटलं, "अक्का, मी काढल्या नसत्या तर त्यांनी वही सोडली नसती. वही सोडली नसती तर कदाचित…"

अक्का नाही-नाही म्हणतील, तुझा काय दोष म्हणतील, असं मला वाटलं होतं. त्या घागरीकडे पाहत होत्या.

"तू काढ्यात म्हनीसन त्याले लागनं, हाई खरं शे," त्या म्हणाल्या. "तू नही काढ्या असत्या तर त्याना जित्तेपनी ती मांजर दुसराना घर जाती, हाई बी खरं शे. मीच तुले सांगं व्हतं, तेबी खरं. बठ्ठं, समदं खरं शे. तू एकच धरीसन बठेल शे."

मग माझा हात ओढून त्यांनी आपल्या मांडीवर घेतला आणि दाबत बसल्या. माझ्या हाताला काही झालेलं नव्हतं.

दुपारी अक्का आडव्या झाल्या. मी भांडी आवरत होते तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला. मुलीचा आवाज, दबकत बोलणारा. "काकू, मी कोल्हापूरहून बोलतेय. कंपनीने ती मांजर आता मला दिलीय. सणाच्या दिवशी त्रास देतेय, पण मला काही जमतच नाहीये, म्हणून श्रुती मॅडमकडून तुमचा नंबर घेतला."

मी म्हटलं, विचार.

तिने बरंच विचारलं. पंजा किती जाड, हसताना मिश्या वर जातात का, बसल्यावर पोट कुठे टेकतं. मी सांगत गेले. मग म्हणाली,

"एक बोलू? रागावू नका. कंपनीने मला पहिल्यापासूनची सगळी चित्रं पाठवलीत. मी ती ओळीने लावून बघत होते. तुमची रेघ थांबत-थांबत जाते. पण जुन्या चित्रांत रेघ एकदाच सुटते, कानापासून थेट शेपटीपर्यंत, कुठे उचललीच नाहीये. मी चार दिवस तीच गिरवतेय. तो हात वेगळा आहे ना? कुणाचा आहे?"

इतक्या वर्षांत, इतक्या डब्यांवर आणि दप्तरांवर ती रेघ फिरून आली, पण हा हात कुणाचा असं कुणी विचारलं नव्हतं.

"माझ्या मिस्टरांचा," मी म्हटलं.

"नाव काय त्यांचं?"

लग्नातल्या उखाण्यानंतर मी ते नाव कधी घेतलं नव्हतं. हे, अहो, आमच्याकडचे, असंच चालत आलं. दवाखान्याच्या कागदावर लिहिलं होतं, दाखल्यावर वाचलं होतं, तोंडाने कधी नाही. आत अक्कांचा श्वास संथ चालला होता. समोरच्या निंबाखाली पोरी झोक्यावर चढत होत्या.

"सुधाकर," मी म्हटलं. मग वडिलांचं नाव आणि आडनावही सांगितलं, सावकाश, एकेक.

"थांबा काकू," ती म्हणाली. "लिहून घेते."